लक्षण, वैशिष्ट्य की व्यवच्छेदक लक्षण?

उदगीरहून एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘डेटा मायनिंग वापरून, म्हणजे संगणकाने ढीगभर नोंदी चाळून, दुर्मीळ आजारांची कॅरॅक्टरिस्टिक फीचर्स कशी शोधतात, यावर मराठीत लिहिते आहे. लक्षणे म्हणू की वैशिष्ट्ये?’

नुसते ‘लक्षण’ पुरणार नाही. दवाखान्यात ताप हेही लक्षण आणि खोकला हेही. ‘वैशिष्ट्य’ कौतुकाकडे झुकते. पैठणीचे वैशिष्ट्य सहज म्हणतो, आजाराचे म्हणताना जीभ अडखळते. ‘व्यवच्छेदक लक्षण’ म्हणा. व्यवच्छेद म्हणजे तोडून वेगळे करणे. शब्द जड आहे, पण नेमका आहे.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लक्षण म्हणजे ‘असाधारण धर्म’, फक्त त्याच वस्तूत असणारा गुण; आणि तिथले ठरलेले उदाहरण गायीचे. तुमच्याकडची देवणी जातीची गायच घ्या. ‘शिंगे असलेली ती देवणी’ म्हटले, तर लाल कंधारी ही दुसरी जातही आत शिरते; ही अतिव्याप्ती. ‘पांढऱ्या अंगावर काळे ठिपके’ म्हटले, तर अंगावर ठिपके नसलेली वानेरा ही उपजात देवणी असूनही बाहेर राहते, ही अव्याप्ती.

रुग्णांच्या नोंदी चाळताना संगणकाला हेच दोन दोष सांभाळावे लागतात. एखादे लक्षण त्या आजाराच्या किती रुग्णांत दिसते आणि इतरांत किती, हे तो मोजतो. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साठते. यकृताचा बिघाड, हातांची थरथर ही लक्षणे इतर कितीतरी आजारांत असतात, म्हणून त्यांचे वजन कमी. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसले, की पारडे एकदम झुकते. पण तेही सगळ्याच रुग्णांत नसते. म्हणून एका खुणेवर न थांबता लक्षणांचा मेळ पाहतात.

आणि इथेच शब्दांची खरी कसोटी लागते. आई सांगते, ‘लेकराला झटके येतात’. कुणी लिहितो आकडी, कुणी फिट, कुणी फेफरे. संगणकाला ही चार वेगळी लक्षणे वाटतात. आधीच मूठभर रुग्ण, त्यांचीही अशी फाटाफूट झाली तर मोजायचे काय? याच अडचणीसाठी २००८ मध्ये ‘ह्यूमन फीनोटाइप ऑन्टॉलॉजी’ ही लक्षणांची प्रमाणित शब्दसूची सुरू झाली. तिथे एका लक्षणाला एक ठरलेले नाव आणि क्रमांक असतो, समानार्थी शब्द त्याखाली जोडलेले असतात.

‘डेटा मायनिंग’ तसेच राहू द्या, ते रुळले आहे. लेखात मात्र एका लक्षणाला एकच शब्द धरा. झटक्यांसाठी मी ‘आकडी’ घेईन. तो घराघरांत कळतो.