पुरातून आलेला बंब

आपले पत्र मिळाले. कोथरूडमधील आपल्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असल्याने दोन वर्षे भाड्याच्या लहान घरात काढायची आहेत, आणि ७८ वर्षांच्या सासूबाई माळ्यावरचा तांब्याचा बंब व श्रीखंडाचे तीस-चाळीस रिकामे डबे सोडायला तयार नाहीत. त्यांना न सांगता बंब मोडीत द्यावा, असे आपल्या यजमानांचे मत आहे. आणि निर्जीव वस्तूत माणसाचा जीव एवढा का अडकतो, असे आपण विचारता.

डब्यांचे उत्तर सोपे आहे. वस्तू नुसती आपली झाली तरी आपल्या लेखी तिचे मोल वाढते. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कॉफीचा साधा मग हाती आलेल्यांनी तो विकायला मागितलेली किंमत ही घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. डब्यांवरून खुशाल हुज्जत घाला. (मराठी घरातून ते पुरते हद्दपार होतील, अशी आशा मात्र ठेवू नका.)

बंबाचे तसे नाही. आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की तो नारायण पेठेतील त्यांच्या माहेरचा, ‘पुरातून आलेला’ आहे; दर दसऱ्याला त्या तो चिंचेने घासतात, पण बुडाजवळचा पोचा काढून घेऊ देत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठांमधील कितीतरी वाडे पाण्याखाली गेले. सासूबाई तेव्हा शाळकरी वयाच्या असतील. आपले घर खरोखरच होते आणि एका दिवसात ते गेले, याची साक्ष देणारे आज त्यांच्यापाशी त्या पोच्याखेरीज दुसरे काय उरले असेल? ‘आता गीझर आहे’ हे बोलणे म्हणूनच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांनी तो पाणी तापवण्यासाठी ठेवलेलाच नाही. याच शहरात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्या संग्रहालयाला बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. तिथल्या अडकित्त्यांपुढे उभे राहून ‘हे आता कशाला लागते’ असे कोणी विचारत नाही.

यजमानांचा मार्ग कृपया स्वीकारू नका. एक वस्तू पाठीमागे नाहीशी झाली की उरलेल्या प्रत्येक वस्तूवर पहारा बसतो, आणि मग डबेही हलणार नाहीत. त्याऐवजी एखाद्या दुपारी बंब खाली उतरवून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा: पाणी ओसरल्यावर तो कोणाला सापडला, घरी कोणी आणला, त्यात पुन्हा पहिल्यांदा पाणी कधी तापले? यजमानांनाही शेजारी बसवा; माझा असा कयास आहे की मुलानेही हे कधी विचारलेले नाही. सामान हलवण्याच्या दिवशी टेम्पोत बंब सर्वांत आधी चढवा, आणि नव्या घरात तो कुठे ठेवायचा हे सासूबाईंनाच ठरवू द्या.