मॉनिटरची निवडणूक आणि बाईंचा निर्णय

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात राहतो, मुलगी सहावीत आहे. वर्गात मॉनिटरसाठी चिठ्ठ्या टाकून मतदान झालं, बोटाला जांभळ्या स्केचपेनचा ठिपका वगैरे लावून. एका मुलाला जास्त मतं पडली. पण बाई म्हणाल्या तो मस्तीखोर आहे, अक्षर पण कोंबडीचे पाय, आणि दुसऱ्या नंबरवर असलेल्या माझ्या मुलीला बॅज दिला. आता ती रडतेय की मी हरलेय, मला बॅज नको. तिचे बाबा म्हणतात मिळतंय तर घे. मी काय सांगू तिला? – एक आई

उत्तर : ताई, आधी हसू आलं आणि मग माझाच एक वर्ग आठवला. नौपाड्यात शिकवत होतो तेव्हा मी पण हेच केलंय. चिठ्ठ्या खडूच्या खोक्यात घेतल्या, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एकट्यानेच मोजल्या, आणि मला जो बरा वाटत होता त्याचं नाव जाहीर करून टाकलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, सर चिठ्ठ्या दाखवता का? मी खेकसलो, बस खाली. दाखवणार काय, फाडून टाकल्या होत्या ना. इतक्या वर्षांनी बाकी वर्गाचे चेहरे पुसट झाले पण तो पोरगा खाली बसताना जसा माझ्याकडे बघत होता ते काही जात नाही डोळ्यासमोरून.

त्यामुळे बाईंना मी व्हिलन नाही करणार. पन्नास-साठ पोरं सांभाळायची म्हणजे गंमत नाही, त्यांना मॉनिटर हवा असतो तो हवालदार म्हणून, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला. मग तसं सरळ सांगून स्वतःच नेमावा की! पण मत मागायचं, बोटाला शाई लावायची, आणि निकाल नाही आवडला की फिरवायचा, यातून पोरं जे शिकतात ते नागरिकशास्त्राच्या दहा धड्यांनी पुसलं जात नाही. २६ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे शाळांत परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचायला सुरुवात झाली, तुमची मुलगी पण म्हणत असेल, ‘दर्जाची व संधीची समानता’. सकाळी ते म्हणायचं आणि दुपारी अक्षर वाईट म्हणून जिंकलेल्याला बाजूला करायचं, पोरांना हे दिसत नाही असं वाटतं का आपल्याला?

आणि अक्षराचंच म्हणाल तर इंग्रजांच्या काळात मत कुणाला, तर ज्याची मालमत्ता आहे, जो कर भरतो किंवा ज्याचं अमुक इतकं शिक्षण झालंय त्याला. संविधान झालं तेव्हा ते सगळं काढून टाकलं. १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, तरी मत सगळ्यांना. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि त्यावर त्याचं चिन्ह, कारण वाचता येत नसलं तरी चित्र तर ओळखता येतं. तेव्हा अक्षराची अट चालली नाही, ती सहावीच्या वर्गात कशी काय चालते बुवा!

तर मुलीला सांगा, तुझं बरोबर आहे. बॅज तिने स्वतः परत द्यावा, तुम्ही सोबत जा पण बोलू दे तिलाच. १९८९च्या बालहक्क करारात, जो भारताने १९९२ला मान्य केला, त्यात मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत ऐकून घ्यावं, वयानुसार त्याला वजन द्यावं असं स्पष्ट आहे. (हे बाईंना लगेच ऐकवू नका, उगाच वकिली वाटते.) आणि प्लीज पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, संध्याकाळपर्यंत मूळ विषय राहील बाजूला आणि फीवरून भांडण सुरू होईल.

बाईंना एवढंच सुचवा की अटी काय असतील त्या मतदानाआधी सांगा, मोजणी वर्गासमोर होऊ दे, दोन्ही बाजूचा एक एक मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी राहू दे. मस्तीखोराला दोन महिने देऊन बघा, नाही जमलं तर वर्गच परत मत देईल. आणि मॉनिटरचं काम नुसतं नावं लिहिण्याचं नको, पंखा बंद आहे, मुलींच्या बाथरूमची कडी तुटलीय, हे वर्गाच्या वतीने बाईंपर्यंत नेणं पण त्याचं काम असू दे.

बाबांना काय सांगायचं? त्यांना तुमच्या सोसायटीच्या पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला घेऊन जा. ‘मिळतंय तर घे’वाले सेक्रेटरी किती वर्षं खुर्चीला चिकटून बसतात ते तिथे दिसेलच.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. मारामारी केली म्हणून सरांनी सगळ्यांसमोर कानाखाली दिली. आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो, मग तक्रार करावी की सोडून द्यावं? – एक वडील, कळवा

उत्तर : सोडू नका. मारामारी करू नये हे मारून शिकवलं की पोरगं एवढंच शिकतं की मोठा असेल त्याने मारलं तर चालतं. शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, सगळ्यांसमोर अपमान करणं पण त्यातच आलं. पण मुलाने ज्याला मारलं त्याच्या घरी आधी जाऊन या, दोघांना समोरासमोर बोलू द्या, नाहीतर तुमची तक्रार म्हणजे पोराला पाठीशी घालणं वाटेल. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळा महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते, तीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांच्यापुढे विषय ठेवा. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका.