केळीवर हरण्या आलाय, कोणतं औषध मारू?

प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी: जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका, जुलैत लावलेली टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) मृगबाग, म्हणजे पावसाळ्यातली केळीची लागवड, जेमतेम दीड महिन्याची. काही झाडांच्या पानांवर हरण्या या व्हायरसच्या रोगासारखे पिवळे पट्टे, दोन-चार ठिकाणी पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडलेला. दुकानातून ‘व्हायरसची’ म्हणून दोन औषधं आणून मारली, फरक नाही. विहिरीजवळची कर्दळ आणि दारातली जास्वंदही पिवळी दिसतेय. तोच रोग तिकडे गेला का, आणि आता काय मारू?

भाऊ, आधी तिसरी बाटली आणायची थांबवा. उभ्या झाडातला व्हायरस मारणारं औषध बाजारात नाही. तुमच्या तालुक्यात नाही, नाशकात नाही आणि परदेशातही नाही. व्हायरस झाडाच्या पेशीत शिरतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला मारायचं तर पेशी मरते. प्रयोगशाळेत शेंड्याचा अगदी टोकाचा तुकडा काढून त्यापासून निरोगी रोप तयार करता येतं, पण ते काचेच्या बाटलीत, शेतात नाही. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, स्ट्रेप्टोसायक्लीन जिवाणूवर. हरण्या यातलं काहीच नाही. तो कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे आपण ज्याला सीएमव्ही म्हणतो तो.

मग शेजारच्या माणसाला त्याच बाटलीने गुण आला, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. त्यामागची गंमत अशी. हा रोग ढगाळ हवेत, सततच्या झडीत, तापमान २४ अंशांच्या खाली उतरलं की जोर करतो. पोंगा सडतो तो याच दिवसांत. पुढे ऑक्टोबरचं ऊन तापलं की बाधित झाडाचीही नवी पानं बऱ्यापैकी स्वच्छ निघतात. शेतकऱ्याने सप्टेंबरअखेर फवारणी केलेली असते, त्यामुळे श्रेय बाटलीला जातं. व्हायरस आतच असतो. थंडी पडली की पट्टे परत येतात, झाड खुजं राहतं, आणि घड पडलाच तर फण्या वेड्यावाकड्या, माल व्यापारी हातात धरत नाही. खतपाणी मात्र त्या झाडाने पूर्ण खाल्लेलं असतं.

आता कीटकनाशकाचं बघू, कारण पुढचा प्रश्न तोच येणार: हा रोग पसरवणारी मावा ही बारीक रसशोषक कीड मारली की रोग थांबेल ना? अर्धवट थांबेल. सीएमव्ही पसरवणाऱ्या माव्याच्या ऐंशीच्या वर जाती माहीत आहेत. त्यातला आपल्याकडचा नेहमीचा म्हणजे कपाशीवरचा आणि काकडीवरचा मावा. हा केळीवर घर करत नाही. बाजारात द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो पानावर उतरतो, सोंड टोचून चव बघतो, आवडलं नाही की उडतो. बाधित झाडातून व्हायरस सोंडेला लागायला काही सेकंद पुरतात आणि निरोगी झाडात सोडायलाही तेवढेच. तुम्ही मारलेलं औषध त्याला तासाभरात मारेल हो, पण तोवर त्याने पाच-सात झाडं टोचलेली असतात. म्हणूनच ‘माझ्या केळीवर मावा दिसत नाही, मग व्हायरस कसा?’ हे म्हणणं टिकत नाही. रोग आणणारा पाहुणा तुम्हाला केळीवर सहसा सापडणार नाही.

यातली एक बाजू आपल्या फायद्याची आहे. हा व्हायरस माव्याच्या अंगात मुरत नाही, सोंडेच्या टोकाला काही तासच राहतो. म्हणजे तो फार लांबून क्वचित येतो. तो तुमच्याच बागेतल्या आजारी झाडावरून, बांधावरच्या तणावरून नाहीतर शेजारच्या काकडी-भोपळ्यावरून येतोय. हे मूळ काढलं तर पसरणं तुटतं. टोमॅटोवरचा पांढऱ्या माशीचा लीफ कर्ल (पानं मुरडण्याचा रोग) किंवा केळीतलाच पर्णगुच्छ यांचं गणित वेगळं, तिथे कीडच आयुष्यभर व्हायरस वाहून नेते. तो विषय इथे नको.

तुमच्या शेतात उद्या काय करायचं ते सांगतो. सकाळी लवकर निघा आणि सूर्याकडे तोंड करून ओळीने चाला. पान उन्हाच्या आड धरलं की पट्टा स्पष्ट दिसतो. हरण्याचे पट्टे तुटक असतात, मध्येच सुरू होऊन मध्येच संपतात, मधल्या शिरेपासून कडेकडे जातात. पानाची एक बाजू जास्त, दुसरी कमी. कधी पानाची कड आत वळलेली, पातं अरुंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारचं झाड हिरवंगार असतं. ओळच्या ओळ सारखी पिवळी दिसत असेल, पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर नक्षी सारखीच असेल, तर तो अन्नद्रव्याचा किंवा पाणी साचल्याचा प्रश्न समजा. बांधावर कोणी २,४-डी हे तणनाशक मारलं असेल आणि वारा तुमच्याकडे असेल तरी पानं वाकडी होतात, पण ती बांधाकडच्या ओळींत आणि एकदमच होतात.

झाड हरण्याचं आहे असं ठरलं की त्याला दुसरी संधी देऊ नका. पण हात घालण्याआधी त्या झाडावर आणि आजूबाजूच्या चार झाडांवर मावा मारणारं शिफारशीतलं कीटकनाशक फवारून घ्या. फवारणीचा खरा उपयोग इथे आहे. नाहीतर झाड हलवलं की त्या घडीला त्यावर टेकलेला मावा उठून शेजारी जातो. मग गड्ड्यासकट उपटायचं. नुसतं कापू नका, गड्ड्यातून पिल (नवा कोंब) फुटतं आणि त्यात व्हायरस असतोच. उपटलेलं झाड बांधावर टाकायचं नाही, बागेबाहेर नेऊन खड्ड्यात पुरायचं. आमच्याकडे यावलच्या बाजूला बरेच जण उपटतात व्यवस्थित, आणि ढीग लावतात तो बागेच्याच कोपऱ्यात. चार दिवस ते झाड हिरवंच असतं, येणारा-जाणारा मावा त्यावर टोचत राहतो.

एकदा उपटून काम संपत नाही. लक्षण दिसायच्या आधीपासून झाडात व्हायरस असतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी फेरी मारायची, निदान दसऱ्यापर्यंत. गड्याला एकट्याला पाठवू नका. त्याला झाड उपटायला जीव होत नाही, आणि मालक ओरडेल ही भीतीही असते.

पैशाचं म्हणाल तर सहा बाय पाच फुटावर एकरात साडेचौदाशेच्या आसपास झाडं बसतात. त्यातली पन्नास-साठ काढावी लागली तरी नांग्या (रिकाम्या जागा) भरता येतात, पण ते लवकर व्हायला हवं. दोन महिन्यांच्या झाडाशेजारी लावलेलं नवं रोप सावलीत मागे पडतं आणि त्याचा घड इतरांबरोबर निघत नाही. तुमची वेळ आत्ता आहे, महिनाभराने नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर, पहिल्या दोन महिन्यांत चौथा हिस्सा बाग गेली असेल तर उपटत बसण्यापेक्षा सगळी मोडून कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळीची लागवड, धरावी. ऐकायला कडू आहे. पण त्यातही जीव ओतून ठेवलेली बाग पुढे सहा महिने आजूबाजूच्या सगळ्यांना रोग पुरवते.

उपटण्यापूर्वी मोबाईलवर तारखेसकट फोटो काढा, कृषी सहायकाला कळवा, आणि रोपांचं बिल जपून ठेवा. हवामानावर आधारित फळपीक विमा तापमान, वारा, गारपीट यांच्या आकड्यांवर चालतो, रोगावर नाही. तेव्हा सरकारी मदतीची काही घोषणा झालीच तर हातात नोंद असलेली बरी.

आता तणाकडे. ठिबकच्या नळीच्या कडेला निळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा केना असेल. तो या व्हायरसचा जुना आश्रयदाता आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्यावर लक्षण फारसं दिसतही नाही. कापला तर प्रत्येक कांडीला मूळ फुटतं, त्यामुळे उपटून बाहेरच काढा. बागेत चवळी, काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी असं आंतरपीक धरू नका. दोन पैसे मिळतात हे खरं, पण या व्हायरसला हजाराहून जास्त जातींची झाडं चालतात आणि ही सगळी त्या यादीत वरच्या रांगेत आहेत. शेजाऱ्याची काकडी तुमच्या बांधाला लागून असेल तर भांडू नका, त्याला सोबत घेऊन दाखवा. पुढच्या वर्षी त्या बाजूला ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी घ्या. उडत येणारा मावा आधी तिथे टोचतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथेच पुसला जातो.

रोपं नर्सरीतूनच खराब आली का, हेही तुम्हाला वाटत असणार. असू शकतं. पण आधी नकाशा काढा. बाधित झाडं पहिल्या आठवड्यापासून सगळ्या शेतात विखुरलेली असतील तर संशय रोपांवर. एका बांधाकडून आत सरकत आली असतील तर रोग शेतातच लागलाय. टिश्यू कल्चरची रोपं मुळात कोवळी, मुनव्याच्या (कंदाच्या) लागवडीपेक्षा सुरुवातीला जास्त लवकर बळी पडतात. पुढच्या खेपेला राष्ट्रीय प्रमाणन योजनेचं लेबल असलेली रोपं घ्या; ही योजना २००६ पासून आहे आणि तिच्यात रोपांच्या लॉटची व्हायरससाठी तपासणी होते. शिवाय नर्सरीत स्वतः जाऊन बघा. शेडनेटच्या आत तण आणि बाहेर भोपळ्याचा वेल दिसला तर लेबल असूनही परत फिरा. खात्रीच करायची असेल तर तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात व्हायरसची तपासणी होते. पान कसं पाठवायचं ते जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारा.

राहिली कर्दळ आणि जास्वंद. जास्वंदीची पानं बघा: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही कोवळ्या पानांवर, असं असेल तर बहुधा लोह कमी पडतंय, आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. तिला उपटू नका. कर्दळीचं तसं नाही. कर्दळीला तिचे स्वतःचे व्हायरस आहेतच, शिवाय सीएमव्हीही लागतो, आणि पट्टे बघून नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे ओळखता येत नाहीत. कंदातून व्हायरस वर्षानुवर्षं पुढे जातो आणि लोक ‘पट्ट्यापट्ट्याची छान आहे’ म्हणून एकमेकांना कंद देतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांना वेड्यासारखा भाव चढला होता आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. ते पट्टे व्हायरसचे होते, हे १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झालं. काही कर्दळी मुळातच पट्टेदार असतात, त्यांची प्रत्येक पानावरची नक्षी सारखी असते. तुमची पूर्वी हिरवी होती आणि आता तुटक पिवळी झाली असेल तर केळीपासून दहा पावलांवर ती ठेवण्यात अर्थ नाही. कंदासकट खणून केळी पुरलेल्या खड्ड्यात टाका, आणि फुलंच हवी असतील तर तिथे दुसरी कर्दळ न लावता मोगरा लावा.