साखर प्यायची नाही

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. रात्रीचा भात बंद केलास, भाकरी दोनावरून एकीवर आणलीस, पहाटे पाच किलोमीटर पळतोस आणि काटा ८४ वरून हलत नाही. भरती तोंडावर आली आहे, १६०० मीटरला शेवटच्या फेरीत पाय उचलत नाहीत. मेसमधला एक जण म्हणतो कोल्ड्रिंक सोड. दुसरा म्हणतो, एवढं रनिंग करणाऱ्याला त्यानं काय होतंय. तिसऱ्यानं तर ग्लुकोजचा डबाच आणून दिला. आणि आता तू विचारतोस, कुणाचं ऐकू?

तिघांचं राहू दे, आकड्यांचं ऐक. दिवसभरात काय पितोस ते तूच लिहिलं आहेस. ग्राउंडवरून येताना पाव लिटरची एक बाटली, दुपारी जेवणाबरोबर दुसरी, रात्री रूमवर पाऊण लिटरची दोघांत. २५०, २५० आणि ३७५, म्हणजे ८७५ मिली. आता बाटली फिरवून बारीक अक्षरांची ती चौकट वाच. कोलाच्या १०० मिलीत साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. ८७५ मिलीत झाली ९२ ग्रॅम. सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर अठरा चमचे. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे रोज ३७० च्या आसपास. चौकटीत काही वेळा ‘एक सर्व्हिंग’ २०० मिलीचं धरलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. तू सर्व्हिंग पीत नाहीस, बाटली संपवतोस. १०० मिलीचा आकडा घे आणि बाटलीच्या मापानं गुण.

पळण्याचा हिशेब असा. वजनाच्या एका किलोला, एका किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. ८४ किलो आणि पाच किलोमीटर, म्हणजे ४२० कॅलरी. त्यातल्या ३७० तू पिऊन परत घेतोस. १६०० मीटरच्या एका फुल ट्रायलला १३५ कॅलरी लागतात. पाव लिटरच्या एका बाटलीत १०५ असतात. पहाटे चारला उठून घाम गाळायचा आणि साडेसहाला टपरीवर उभं राहून तो परत भरून घ्यायचा, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या कष्टात कमी काहीच नाही.

म्हणून सांगते, साखर प्यायची नाही. खायच्या साखरेचं नंतर बघू. भात, तेल, भाकरी, सगळं नंतर. आधी ग्लासातली साखर बंद.

भाकरी कमी केलीस हे वाचून मात्र मला राग आला. घरून मंगळवेढ्याची ज्वारी येते, म्हणतोस. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३५ कॅलरी असतात, आणि त्यांच्याबरोबर दहाएक ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. ती भाकरी चावायला वेळ लागतो, पोटात रेंगाळते, चार तास भूक लागू देत नाही. तिच्याहून जास्त कॅलरी तू पितोस आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. पातळ साखर चावावी लागत नाही, पोटातून झपाट्यानं पुढे सरकते, आणि त्या कॅलरीच्या बदल्यात पुढच्या जेवणातलं फारसं काही कमी होत नाही. बाटली प्यायल्यावर तू कधी अर्धी भाकरी परत ठेवलीस का? नाही ठेवलीस. तिथंच वजन अडकलं आहे. भाकरी परत दोनावर आण आणि बाटली बंद कर.

आणखी एक गोष्ट पोटाच्या घेराची. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज, म्हणजे फळांतही असते ती साखर, असतो, आणि त्याचा बराचसा निपटारा यकृतात होतो. रोज एवढा ओतला की यकृत त्यातल्या काहीची चरबी करतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, वाढतात, यकृतावर चरबी चढते. हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी विशी-पंचविशीतली मुलं दिसतात, त्यांच्या खाण्याची चौकशी सगळे करतात. पिण्याची कुणी करत नाही. तुम्हा पोरांना हे वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही, याची मला कायमची खंत आहे.

‘बंद कशाला, कमी करतो,’ असं तू म्हणणार. मी टोकाचं सांगते असा माझ्यावर नेहमीचा आक्षेप आहे आणि तो मला मान्य नाही. कमी करायचं म्हटलं की रोज तीनदा ठरवावं लागतं: आज घेऊ का, किती घेऊ, कालची राहिली होती ती धरू का. दमलेला माणूस तिन्ही वेळा ‘घेऊ’ म्हणतो. शिवाय मोठी बाटली मिलीच्या हिशेबानं स्वस्त पडते म्हणून मोठीच आणली जाते, उघडली की गॅस जातो म्हणून संपवली जाते. अर्ध्यावर ठेवता यावं अशी ती वस्तूच नाही. बंद म्हटलं की एकदाच ठरवायचं. तुम्ही रूमवर चौघं आहात. बाकीच्यांना पिऊ दे, पण तुझी वर्गणी त्यात नको. पैसे भरले की ग्लास हातात येतोच.

आता कसं सोडायचं ते. कोलाच्या १०० मिलीत दहाएक मिलिग्रॅम कॅफीन असतं. ते अचानक तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, क्वचित आठवडाभर रेंगाळतं. पुष्कळ जण इथंच परत फिरतात आणि ‘मला साखर लागतेच’ असा निष्कर्ष काढतात. तू चार कप चहा घेतोस म्हणून तुला फार त्रास होणार नाही. पण त्यासाठी एक पथ्य: चहा त्याच आठवड्यात सोडायचा नाही. हो, चहातही साखर आहे. दोन चमच्यांनी चार कप म्हणजे ४० ग्रॅम होते, ते मी विसरलेले नाही. पण आधी बाटली. तीन आठवड्यांनी रूमवरच्या चहात दोनाचा दीड चमचा कर, आणखी पंधरा दिवसांनी एक. टपरीच्या चहात साखर पातेल्यातच पडलेली असते, तिथं चमचा कमी करता येत नाही, कपच कमी करावे लागतात. रात्रीच्या अभ्यासाला एनर्जी ड्रिंक घेत असशील तर ते आज बंद. त्यात कॅफीन कोलाच्या जवळपास तिप्पट असतं, झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

सोलापूरच्या उन्हात तहान खोटी नसते, हे मला ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा नुसतं ‘पिऊ नकोस’ सांगणं अर्धवट आहे. हातात दुसरं काही तयार हवं. पळायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन कर. जेवढं उतरलं तेवढा घाम गेला. अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर. त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं पी. अर्धा किलो गेला असेल तर पाऊण लिटर झालं. माठातलं चालेल. मीठ नाश्त्यातून येतंच: भाकरी, शेंगाचटणी, दही. ग्लुकोजचा डबा ज्याचा त्याला परत दे. तास-सव्वा तासाच्या पळण्याला पुरेल एवढी साखर स्नायूंत आणि यकृतात आधीच साठलेली असते. पाच किलोमीटरला वरून घालायची गरज नाही. भूक असेल तर केळं खा. शेक नको, केळं.

दुपारसाठी ताक ने. एक वाटी दही, तीन वाट्या माठाचं पाणी, पाव चमचा मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. आधी दही एकटं घुसळायचं, मग पाणी घालायचं, नाहीतर गुठळ्या राहतात. स्टीलच्या बाटलीत भर, पिण्याआधी हलव. उन्हाळ्यात सकाळी सातला केलेलं ताक दुपारी एकपर्यंत आंबतं आणि मग ते प्यायचं सोडून पोरं समोरच्या फ्रीजकडे वळतात. म्हणून रूमवर फक्त दही ठेव, ताक जेवायच्या वेळी कर. दोन मिनिटांचं काम आहे.

घशाला तो झणका हवाच असेल तर सोड्याच्या गाडीवर जा, पण ऑर्डर नीट दे. ‘लिंबू सोडा’ एवढंच म्हणालास तर तो बाटलीतला पाक ओततो, हात आपोआप तिकडे जातो त्याचा. ‘पाक नको, फक्त लिंबू आणि काळं मीठ’ असं ग्लास घ्यायच्या आधी सांग आणि ग्लास भरेपर्यंत बघत उभा राहा. नुसत्या सोड्यात साखर नसते, खुशाल पी.

आणि रसवंती. इथंच सगळे फसतात, कारण ऊस आपल्या जिल्ह्याचा, समोर पिळलेला, वर आलं-लिंबू घातलेलं. त्याला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. पण उसाच्या रसात १०० मिलीला बारा ते पंधरा ग्रॅम साखर असते. ३०० मिलीच्या फुल ग्लासात ३६ ते ४५ ग्रॅम, म्हणजे तुझ्या पाव लिटरच्या कोलापेक्षा जास्त. आंब्याच्या बाटल्यांचंही तेच, बहुतेकांत कोलाहून जास्त साखर. शरीराला साखर कारखान्यातून आली की शेतातून आली याच्याशी देणंघेणं नाही. साखर प्यायची नाही, यात रस आला, सरबत आलं, लस्सी आली, मिल्कशेक आला. डाळिंब खायचंय? खा, दाणे चावून खा. त्याचा ज्यूस नको.

‘झिरो’वाल्या बाटल्यांविषयी विचारलंस. त्यात साखर नाही, तेव्हा माझ्या नियमात ती बसते, मी भांडणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्येच सांगितलं आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका. पहिले दोन-तीन आठवडे निभवायला घे, मग तीही सोड, कारण जिभेला लागणारा गोडवा तेवढाच राहतो आणि मग फिका चहा कधीच आवडत नाही. ओआरएस हे औषध आहे. जुलाब झाले, ऊन लागलं, तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. त्याच्या नावावर खपणारी गोड पेयं इतकी झाली होती की ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयला, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी करावी लागली. तुला रोज त्याची गरज नाही.

वजन किती उतरेल? कागदावर रोजच्या ३७० कॅलरी म्हणजे आठवड्याला २६००. एक किलो चरबी सुमारे ७७०० कॅलरींची, म्हणजे तीन आठवड्यांना एक किलो. प्रत्यक्षात याहून कमी उतरतं. शरीर हलकं झालं की त्याची गरज घटते, आणि भूकही थोडं परत मागते. पहिल्या दहा दिवसांत काटा हलला नाही तर घाबरायचं नाही, आधी दोन गोष्टी तपासायच्या. बाटलीची जागा बिस्किटाच्या पुड्यानं किंवा संध्याकाळच्या वड्यानं घेतली का? आणि वजन कधी करतोस? सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशी पोटी, एकाच काट्यावर, आठवड्यातून तीनदा. तिन्हींची सरासरी मांड आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताड. आदल्या रात्री खारट मटण झालं असेल तर सकाळी अर्धा-एक किलो पाणीच जास्त दिसतं, त्यावरून काही ठरवू नकोस.

लग्नसराईत ट्रे समोर येणारच. गावी गेलास की आई दोन लिटरची बाटली आणून ठेवणार, ते तिचं प्रेम आहे. तिला आदल्या दिवशीच फोन करून सांग, ‘थंडा आणू नकोस, ताक ठेव.’ बाटली उघडल्यावर नाही म्हणणं जड जातं, त्याआधी सोपं असतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मित्रांनी ग्लास हातात दिला आणि प्यायलास, तर एक ग्लास प्यायलास, एवढंच. सोमवारपासून नव्यानं सुरू करायची भाषा नको, पुढची तहान पाण्यानं भागव.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. कितीही पाणी प्यायलास तरी तहान भागत नसेल, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि सिव्हिलमध्ये उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घे. १२६ (mg/dL) किंवा त्याहून जास्त आली तर परत तपासायची आणि डॉक्टर सांगतील तसंच वागायचं. घरात कुणाला मधुमेह असेल तर लक्षणं नसली तरी एकदा तपास.

तीन आठवड्यांच्या सरासऱ्या मला पाठव. सोबत रोज काय प्यायलास तेही, मिलीसकट. चिडणार नाही, पण खरं लिही.

तुझी ताई

ता. क. लिंबूपाणी सुरू करशील म्हणून सांगते. अर्धं लिंबू, मोठा ग्लास पाणी, चिमूट मीठ, एका बैठकीत संपव. बाटलीत भरून दिवसभर घोट घोट घेऊ नकोस, आम्लानं दातांचं कवच झिजतं. कोला त्याच कारणानं दात खातो. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भर आणि ब्रश निदान अर्ध्या तासानं कर.