कंबरेतल्या सहा सुया

प्रश्न : माझं वय ५१. कराडला माझं पोळीभाजी केंद्र आहे, सकाळी सहापासून ओट्याशी उभी असते. चार वर्षं कंबर दुखते. दुखणं कुल्ल्यापर्यंत येतं, गुडघ्याखाली जात नाही. मागे वाकलं किंवा कूस बदलली की कळ येते. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आलंय. डॉक्टर म्हणाले, नर्व्ह ब्लॉक करून बघू, सहा ठिकाणी सुई घालावी लागेल. सासूबाई म्हणतात, सिझेरियनच्या इंजेक्शनानेच तुझी कंबर गेली, आता पाय घालवू नकोस. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. मला शुगरही आहे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती आधी घेते, कारण ती घराघरात आहे. मी मूळची भूलतज्ज्ञ. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली की टोचलेली जागा थोडे दिवस दुखते, हे खरं. पण पाठीत भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे, आणि त्या सुईने वर्षानुवर्षं कंबर दुखत राहते असं त्यात दिसलेलं नाही. शिवाय तुमचं बाळंतपण २३ वर्षांपूर्वीचं आणि दुखणं चार वर्षांचं.

'डिस्क बल्ज', म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगणं, या शब्दानेही घाबरू नका. पन्नाशीतल्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे स्कॅन पाहिले तर सुमारे ६० टक्क्यांच्या रिपोर्टात तो सापडतो.

आता सहा सुया. नर्व्ह ब्लॉक म्हणजे नस भुलीच्या औषधाने काही तास बधिर करणं. मणक्यांच्या मागच्या अंगाला, डावी-उजवीकडे, फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात. मागे वाकताना भार त्यांच्यावर येतो. दुखणं या सांध्यांचं असावं, हा डॉक्टरांचा संशय तुमचं वर्णन वाचून मला रास्त वाटतो. एकेका सांध्याला दोन बारीक नसा येतात. खालचे दोन सांधे बधिर करायचे तर मधली नस दोघांत सामाईक, म्हणून एका बाजूला तीन आणि दोन्हीकडे मिळून सहा.

या नसा पायाकडे जात नाहीत. त्या मणक्याच्या हाडाला बाहेरून चिकटून असतात. सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर पाहत सुई त्या हाडावर टेकवून थांबवतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. औषध पसरून पाय काही तास जड पडू शकतो, तेव्हा सोबत कुणाला तरी न्या आणि त्या दिवशी स्कूटी चालवू नका. पोटाखाली उशी घालून पालथं झोपवतात. कातडी बधिर करणारं पहिलं औषध चुरचुरतं. बहुतेकींना तेच जास्त लागतं.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पुढच्या काही तासांबद्दल. हा ब्लॉक म्हणजे तपासणी आहे. प्रत्येक नसेपाशी जेमतेम अर्धा मिलिलिटर भुलीचं औषध सोडतात. लिग्नोकेन असेल तर असर दोन-एक तास, ब्युपिवाकेन असेल तर जास्त. तेवढ्यात कळायला हवं की दुखणं याच सांध्यांचं आहे का. बायका घरी येऊन झोपतात, संध्याकाळी उठेपर्यंत औषध उतरलेलं असतं, आणि 'काही फरक नाही' असं सांगतात. फार हळहळ वाटते मला. तुम्ही ओट्याशी उभ्या राहा, मागे वाका, कूस बदला. ज्याने कळ येते तेच करा आणि दर अर्ध्या तासाने दहापैकी किती दुखतंय ते वहीत लिहा. त्या सकाळी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. दुखणं आधीच दबलेलं असलं तर तपासणीला अर्थ उरत नाही. त्याच कारणासाठी झोपेचं औषध शक्यतो नको म्हणा.

दोन वेगवेगळ्या दिवशी ब्लॉक देऊन दोन्ही वेळा दुखणं जवळजवळ गेलं, तर रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार होतो. त्यात सुईचं टोक ८० अंशांपर्यंत तापवून मिनिट-दीड मिनिटात त्या नसा निकामी करतात. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर, कधी जास्त. नस पुन्हा वाढली की दुखणं परत येऊ शकतं. ब्लॉकने फरक पडलाच नाही, तर मात्र हे करून घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

यावर डॉक्टरांतच वाद आहे, तोही सांगायला हवा. २०२५ साली 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकातल्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट पाठदुखीसाठी या इंजेक्शनांच्या आणि रेडिओफ्रिक्वेन्सीच्या विरोधात ठाम शिफारस केली. अनेक वेदनातज्ज्ञांनी ती अमान्य केली. माझं मत असं, की नीट व्यायाम आणि फिजिओथेरपी किमान तीन महिने झालेली नसेल तर आधी ती करा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ओट्याची उंचीही तपासा, पोळ्या लाटताना वाकावं लागत असेल तर ओटा बदलणं आधी.

लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, किंवा इंजेक्शननंतर ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

शुगरचं असं : नुसत्या भुलीच्या औषधाने ती वाढत नाही, स्टेरॉइडने वाढते. तपासणीच्या ब्लॉकला स्टेरॉइडची गरज नसते. तुमच्या सुईत ते असणार आहे का, हे आधीच विचारा. असेल तर पुढचा आठवडाभर घरी रोज शुगर तपासा आणि तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना आधी कळवा.