सी भाषेत 20 बाइटच्या बफरमध्ये (मजकूर ठेवायची मेमरीतली जागा) शिवाजीनगर आणि स्वारगेट या दोन स्ट्रिंग मध्ये डॅश टाकून जोडायच्या आहेत, स्ट्रकॅट वापरू की स्ट्रकॉपी?
दोन्ही राहू द्या, एसएनप्रिंटएफ (बफरची साइझ सांगून त्यात लिहिणारं फंक्शन) वापरा, तुम्हाला शिवाजीनगर आणि स्वारगेट मध्ये डॅश टाकून एकाच बफरमध्ये हवंय ना, एका ओळीत काम होतं. स्ट्रकॉपी बफरच्या सुरुवातीपासून लिहितं म्हणजे आधीचं गेलंच, स्ट्रकॅट आधीची स्ट्रिंग संपते तिथून पुढे चिकटवतं, पण जागा किती उरलीय हे दोघंही बघत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगने 12 + 1 + 8 म्हणजे 21 कॅरॅक्टर, शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण) धरून 22 बाइट, आणि तुमचा बफर 20 चा, म्हणजे स्ट्रकॅट गुपचूप शेजारच्या मेमरीत घुसणार. एसएनप्रिंटएफला साइझ 20 दिलीत की ते 19 कॅरॅक्टरवर थांबून नल टाकतं आणि पूर्ण स्ट्रिंगची लांबी म्हणजे 21 रिटर्न करतं, हा आकडा 20 किंवा जास्त आला की समजायचं स्ट्रिंग कापली गेलीय. स्ट्रएनकॉपी (ठरवून दिलेल्या संख्येइतकीच कॅरॅक्टर कॉपी करणारं) सेफ असतं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, सोर्स लांब असेल तर ते नल टाकतच नाही. हे सगळं सी-99 स्टँडर्डमध्येच (सी भाषेचे 1999 चे अधिकृत नियम) लिहिलंय. फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल (पुण्यातसुद्धा असतं हो!) तर त्यात एसएनप्रिंटएफ नाहीये, तिथे आधी स्ट्रलेनने मोजा, मगच स्ट्रकॅट.