वाचकांचे प्रश्न : भाड्याचे घर आणि दलाल

प्रश्न : आर्वी तालुक्यातील एका गावी आरोग्यसेविका म्हणून माझी बदली झाली आहे. घर दाखवणारे गृहस्थ एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागतात आणि १५,००० रुपये अनामतही स्वतःच्याच खात्यात टाका म्हणतात. घरमालक पुण्याला राहतात आणि किल्ली या गृहस्थांकडे असते. पैसे द्यावेत का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : दलाली द्यावी, अनामत त्यांच्या खात्यात टाकू नये.

भाड्याच्या घरासाठी किती दलाली घ्यावी, हे कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेले नाही. अकरा महिन्यांच्या करारामागे एका महिन्याचे भाडे ही शहरातील वहिवाट आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे, पण ती वहिवाटच आहे, त्यामुळे कमी करून मागण्यास संकोच नसावा. स्थावर संपदा कायदा, २०१६ प्रमाणे एजंटाला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जी नोंदणी करावी लागते, ती नव्या प्रकल्पांतील सदनिका व भूखंडांच्या विक्रीसाठी असते; भाड्याचे घर दाखवणाऱ्याला ती लागत नाही. म्हणून बसस्टँडसमोरचा पानठेलेवालाही हे काम करू शकतो, आणि खरे सांगायचे तर कोणते घर रिकामे आहे व कोणत्या घराला उन्हाळ्यात पाणी पुरते, हे त्यालाच अधिक ठाऊक असते. मात्र त्याच्यावर देखरेख ठेवणारे कोणी नसल्याने खबरदारी आपल्यालाच घ्यावी लागते.

सर्वप्रथम ग्रामपंचायतीत जाऊन त्या घराचा नमुना ८ पाहावा. ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तरीही घर कोणाच्या नावे आहे, हे तिच्यावरून कळते. गावाकडील जुन्या घरांवर वारलेल्या वडिलांचेच नाव राहिलेले असते, दलालाचे बोलणे तीन भावांपैकी एकाशीच झालेले असते, आणि दुसरा भाऊ दिवाळीला गावी आला की घर रिकामे करा म्हणतो. अशी नोंद आढळल्यास इतर वारसांची लेखी संमती मागावी. त्यानंतर मालकाशी स्वतः फोनवर बोलून भाडे, अनामत आणि घर सोडण्याची मुदत त्यांच्या तोंडून ऐकावी, आणि अनामत थेट त्यांच्या बँक खात्यात भरावी. मालकाच्या वतीने दलालच करारावर सही करणार असेल, तर त्याच्याकडे मालकाने दिलेले नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र असले पाहिजे. हाती किल्ली असणे म्हणजे अधिकार असणे नव्हे.

दलालीची अर्धी रक्कम कराराच्या दिवशी आणि उरलेली घराचा ताबा मिळाल्यावर द्यावी, आणि दोन्ही वेळा पावती घ्यावी. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पावती नसली, तर दलाली दिली होती हेच आधी सिद्ध करत बसावे लागते.

प्रश्न : दलालाने ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली आणि करार पक्का झाला असे सांगितले. एवढे पुरेसे आहे का?
— एक शिक्षक, ता. दारव्हा

उत्तर : नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. त्यात कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अटींविषयी वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे आणि प्रत्येक खेडे त्यांत येत नाही. तरी आपल्या गावी तो लागू नसला, म्हणून नोंदणी करून घेण्यास कोणी मज्जाव करीत नाही.

खर्चाचा बाऊ करू नये. लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, तर नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि महानगरपालिकेच्या हद्दीत १,००० रुपये आहे. आधार व अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन होते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातील दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा अनेक वाचक दाखवतात, परंतु तो एक नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

प्रश्न : लाइटबिल किरायातच धरले आहे असे दलालाने सांगितले होते. आता मालक सबमीटरप्रमाणे १२ रुपये युनिट मागतात.
— एक वाचक, ता. वरुड

उत्तर : दलालाचे तोंडी आश्वासन मालकावर बंधनकारक ठरवणे अवघड असते, जे करारात लिहिलेले नाही, ते मिळणार नाही असे समजूनच सही करावी. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर दिवसरात्र चालतो, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. मालक आणि तीन भाडेकरू एकाच मीटरवर असले की सर्वांचे मिळून युनिट वरच्या टप्प्यात जातात, आणि एकट्याला स्वस्त पडली असती ती वीज महाग पडते. ठोक दर मान्य करण्याऐवजी मूळ बिल पाहून सबमीटरच्या युनिटांच्या प्रमाणात वाटणी करावी, अशी अट नव्या करारात घालून घ्यावी. घरात शिरण्यापूर्वी बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांकावरून मागील थकबाकी तपासावी, आणि ताबा घेतल्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ते मालक व दलाल दोघांनाही पाठवून ठेवावे.